तोतरेपणा: थेरपीच्या खोलीबाहेरचं काम

गणपतीत घरोघरी आरत्या होतात तेव्हा तोतरं बोलणारं मूलही सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून एकाही शब्दाला न अडता आरती म्हणतं. तेच मूल दुसऱ्या दिवशी शाळेत स्वतःचं नाव सांगताना अडतं. जीभ तीच, नावही रोजचंच; बदलली ती परिस्थिती. समूहात म्हणताना, गाताना, एकट्याने किंवा घरच्या मांजराशी बोलताना बहुतेकांचा तोतरेपणा जवळजवळ नाहीसा होतो आणि कुणीतरी उत्तराची वाट पाहत उभं राहिलं की परत येतो.

म्हणूनच समोरचा माणूस कसा ऐकतो, हा उपचाराचाच भाग ठरतो. स्पीच थेरपीत शिकलेलं तंत्र थेरपिस्टच्या खोलीत लवकर जमतं. ते स्वयंपाकघरात, वर्गात, फोनवर आणि ऑफिसच्या मिटिंगमध्ये टिकवायचं तर तिथल्या माणसांना आपलं काम माहीत असावं लागतं. ते काम कोणतं, हे या लेखात पाहू.

तोतरेपणा कसा दिसतो

तोतरेपणाची तीन ठळक रूपं आहेत. पहिलं, अक्षर पुन्हा पुन्हा येणं: 'आ-आ-आई'. दुसरं, आवाज लांबणं: 'स्स्स्सकाळी'. तिसरं आणि सगळ्यांत त्रासाचं म्हणजे ओठ, जीभ शब्दासाठी तयार असूनही आवाजच न फुटणं. त्यातून सुटण्याच्या धडपडीत डोळे मिटणं, मान झटकणं, पायाने ठेका धरणं, प्रत्येक वाक्याआधी 'म्हणजे' किंवा 'ते आपलं' लावणं अशा सवयी जडतात.

सुरुवात बहुधा २ ते ५ या वयात, मूल लांब वाक्यं जुळवू लागतं तेव्हा होते. साधारण १०० पैकी ५ मुलं कधी ना कधी यातून जातात. मोठ्यांमध्ये हे प्रमाण १०० मागे १ च्या आसपास आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एहुद यायरी आणि निकोलिन अँब्रोज यांनी ८४ मुलांचा काही वर्षं पाठपुरावा केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ७४ टक्के मुलांचा तोतरेपणा गेल्याचं दिसलं. मुलींचा तोतरेपणा जाण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे मोठ्या वयात पुरुषांचं प्रमाण स्त्रियांच्या सुमारे चौपट दिसतं.

दोष आईबापांचा नाही

'लहानपणी घाबरला होता', 'मामाची नक्कल करता करता लागलं', 'जीभ जड आहे' ही कारणं आपल्याकडे अजून ऐकू येतात. मग मधात उगाळलेलं वेखंड चाटवलं जातं किंवा जिभेखालची पट्टी कापून घेण्याचा सल्ला मिळतो. मूळ कारणाशी या उपायांचा संबंध नाही. बोलण्याच्या हालचालींची आखणी आणि वेळ सांभाळणारी मेंदूतली यंत्रणा तोतरं बोलणाऱ्यांमध्ये थोडी वेगळी चालते आणि आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा आहे. २०१० मध्ये जनुकशास्त्रज्ञ डेनिस ड्रायना यांच्या गटाने पाकिस्तानातल्या काही कुटुंबांच्या अभ्यासातून सुरुवात करून तोतरेपणाशी जोडलेल्या तीन जनुकांमधले बदल दाखवून दिले.

विसाव्या शतकाच्या मध्यात मात्र वेगळंच मत जोरात होतं. आयोवा विद्यापीठातले वेंडेल जॉन्सन, जे स्वतः तोतरं बोलत, म्हणायचे की मुलाच्या साध्या अडखळण्याला आईबाप 'तोतरेपणा' ठरवतात आणि त्यातूनच तो तयार होतो. हे मत पुढे टिकलं नाही, पण 'आईचंच काहीतरी चुकलं' ही टोचणी मागे राहिली. घरचा आधार महत्त्वाचा आहे असं म्हणताना हा फरक लक्षात ठेवायला हवा. घरामुळे तोतरेपणा होत नाही. तो किती जड वाटेल, हे मात्र बऱ्याच अंशी घरावर अवलंबून असतं.

न दिसणारा भाग मोठा

जोसेफ शीहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने, तेही स्वतः तोतरं बोलत, तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली. अडलेला शब्द वर दिसतो. पाण्याखाली लाज, भीती आणि टाळाटाळ असते. ही टाळाटाळ इतकी सफाईदार होते की घरच्यांनाही कळत नाही. पुण्यात शिवाजीनगरहून पद्मावतीला जाणारा माणूस कंडक्टरसमोर 'प' अडेल या भीतीने त्यापुढचं 'कात्रज' म्हणतो, जास्तीचे पैसे मोजतो आणि पद्मावतीलाच उतरतो. हॉटेलात पोहे हवे असताना उपमा मागवतो. लोकांना वाटतं, हा छान बोलतो, जरा अबोल आहे इतकंच.

ही टाळाटाळ पुढे शिक्षणाची शाखा, नोकरी आणि लग्नापर्यंत पोहोचते. उपचारासाठी येणाऱ्या मोठ्या माणसांमध्ये लोकांसमोर जाण्याची तीव्र चिंता सर्वसाधारण लोकांपेक्षा बरीच जास्त आढळते. त्यामुळे केवळ जिभेचे व्यायाम किंवा 'दीर्घ श्वास घे' एवढ्यावर थांबणारा उपचार अपुरा पडतो.

थेरपी काय शिकवते

मोठ्यांच्या थेरपीत ढोबळमानाने दोन वाटा आहेत. एकीत बोलण्याची ढबच बदलतात: स्वर ताणून, शब्दाची सुरुवात हळुवार करून, सलग बोलायचं. आधी ते कृत्रिम वाटतं, मग वेग वाढवत नेहमीच्या बोलण्याजवळ आणतात. दुसरी वाट अमेरिकी थेरपिस्ट चार्ल्स व्हॅन रायपर यांच्या नावाशी जोडलेली आहे. तिच्यात अडखळणं पूर्ण थांबवण्याऐवजी कमी ताण घेऊन, सोपं अडखळायला शिकवतात.

व्हॅन रायपर यांचं एक तंत्र जवळून पाहण्यासारखं आहे. समजा 'प-प-पाणी' झालं. शब्द तसाच पूर्ण करायचा, मग थांबायचं. दोन-तीन सेकंद गप्प राहून ओठांवर ताण कुठे आला ते ओळखायचं आणि तोच शब्द पुन्हा, ओठ सैल ठेवून म्हणायचा: 'पाणी'. मग पुढचं वाक्य. हे जमलं की अडलेल्या शब्दाच्या मध्येच ताण सोडून बाहेर पडायला शिकायचं आणि शेवटी शब्दाच्या आधीच तयारी करायची.

या सगळ्यात निर्णायक आहेत ती मधली दोन-तीन सेकंदं, आणि घरात-दारात नेमकी तीच हिरावून घेतली जातात. 'पाणी हवंय ना? घे' असं म्हणून माया करणारी आई तंत्राची जागाच काढून घेते. थेरपिस्ट आठवड्यातून तास-दोन तास भेटतो. बाकीचा सगळा वेळ ही शांतता राखायची की भरून टाकायची, हे आसपासची माणसं ठरवतात. थेरपीनंतर काही महिन्यांत अडखळणं परत वाढलं, असा अनुभव मोठ्या माणसांना वारंवार येतो. त्यामागे इच्छाशक्तीची कमतरता शोधण्याआधी, सराव करायला जागा होती का हे पाहावं.

लहान मुलांची थेरपी घरातच होते

शाळेत जाण्यापूर्वीच्या वयात तर थेरपिस्टपेक्षा आईबाबांचाच हात जास्त लागतो. सिडनीच्या लिडकोंब या उपनगराच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत मार्क ऑन्स्लो आणि सहकाऱ्यांनी विकसित केली. थेरपिस्ट आईला किंवा बाबांना शिकवतो आणि उपचार ते देतात. दिवसाचं बोलणं कसं होतं याची ० ते ९ अशी नोंद रोज ठेवायची. ० म्हणजे अजिबात अडलं नाही, ९ म्हणजे कमालीचं अडलं.

रोज दहा-पंधरा मिनिटं चित्रांचं पुस्तक घेऊन बसायचं. 'हे कोण?' 'माकड.' 'वा, किती सरळ सांगितलंस!' पुढच्या पानावर 'ब-ब-बैलगाडी' झालं तर बहुतेक वेळा सोडून द्यायचं, क्वचित कधी हलक्या आवाजात 'तिथे जरा अडलं, परत म्हणून बघतोस?' कौतुक भरपूर, दुरुस्ती अगदी थोडी आणि मुलाला ते आवडतंय याची खात्री, हा हिशेब चुकला तर पद्धत उलटते. म्हणून ती प्रशिक्षित थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करायची असते. बोलणं सुधारल्यावरही भेटी एकदम बंद होत नाहीत. त्यांमधलं अंतर वाढवत नेतात, म्हणजे घसरण झाली तर वेळीच कळते.

न्यूझीलंडमध्ये ५४ मुलांवर झालेली चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. नऊ महिन्यांनंतर या पद्धतीच्या गटात सरासरी १.५ टक्के अक्षरं अडत होती, ती न मिळालेल्या दुसऱ्या गटात ३.९ टक्के.

लंडनच्या मायकेल पेलिन सेंटरने वेगळी वाट धरली. 'अ फिश कॉल्ड वाँडा' या १९८८ च्या चित्रपटात तोतऱ्या माणसाची भूमिका करणाऱ्या पेलिन यांचे वडील स्वतः तोतरं बोलत. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राला त्यांचं नाव आहे. इथे आईबाबा मुलाशी खेळतानाचं चित्रीकरण त्यांनाच दाखवतात. आपण किती भरभर बोलतो, एकावर एक किती प्रश्न विचारतो, मूल बोलत असताना किती वेळा मध्ये पडतो, हे ते स्वतःच पाहतात आणि काय बदलायचं ते ठरवतात. घरी रोज काही मिनिटं मुलाच्या कलाने खेळायचं, एवढ्यापासून सुरुवात होते.

नेदरलँड्समधल्या १९९ मुलांच्या चाचणीत लिडकोंब पद्धतीची तुलना मुलावरचा बोलण्याचा ताण कमी करण्यावर भर देणाऱ्या पद्धतीशी केली गेली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दीड वर्षानंतर पहिल्या गटातल्या ७६.५ टक्के आणि दुसऱ्यातल्या ७१.४ टक्के मुलांचं अडखळणं थांबलेलं होतं. फरक म्हणण्याजोगा नव्हता. काही मुलं उपचारांविनाही बरी झाली असती, हे धरूनच हे आकडे वाचायचे. दोन्ही पद्धतींत समान होतं ते शिकवलेल्या पालकाचं रोजचं काम.

आपल्याकडे एक अडचण असते. आईबाबा शिकून येतात आणि आजोबा म्हणतात, 'नीट बोल, सावकाश बोल.' काका गमतीने नक्कल करतात. 'सावकाश बोल' हे कितीही मायेने सांगितलं तरी मुलाला एवढंच कळतं की आपलं बोलणं चुकीचं आहे. म्हणून घरातल्या सगळ्यांसाठी एकच नियम असावा. आपणच थोडं सावकाश बोलायचं, मुलाचं वाक्य त्यालाच पूर्ण करू द्यायचं, जेवताना प्रत्येकाची बोलण्याची पाळी राखायची आणि कसं म्हणाला यापेक्षा काय म्हणाला त्याला उत्तर द्यायचं. पाहुण्यांसमोर 'कविता म्हणून दाखव' हा आग्रह सोडून द्यावा.

वर्ग: सूट देण्याआधी विचारा

शाळेत हजेरी, ओळीने चालणारं प्रकट वाचन आणि भाषेची तोंडी परीक्षा ही तीन ठिकाणं अवघड असतात. आपला परिच्छेद कोणता येणार हे मोजत बसलेल्या मुलाच्या कानात धड्याचं एक वाक्यही शिरत नाही. शिक्षकांनी अशा मुलाला वर्गाबाहेर, एकट्याला विचारावं: 'तुला आधी वाचायला आवडेल की नंतर? जोडीने वाचायचं का?' दोघांनी एकत्र वाचलं की अडखळणं बहुतेक वेळा कमी होतं, हे आरतीच्या उदाहरणावरून लक्षात येईल. तोंडी परीक्षेत थोडा जास्त वेळ, परीक्षक आणि विद्यार्थी दोघंच, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

न विचारता 'तू राहू दे' म्हणून वगळणं मात्र टाळावं. हेतू चांगला असला तरी मूल त्यातून टाळायला शिकतं. चिडवणं चालू असेल तर ते थांबवण्याची जबाबदारी शाळेची. 'दुर्लक्ष कर' असं सांगून ती मुलावर ढकलू नये.

आपल्यासारखे भेटतात तेव्हा

तोतरं बोलणाऱ्या बहुतेकांनी लहानपणी आपल्यासारखा दुसरा माणूस पाहिलेला नसतो. स्वमदत गटात हा एकटेपणा आधी सुटतो. अमेरिकेत १९७७ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९७८ मध्ये तोतरं बोलणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या. भारतात 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' २००८ पासून काम करते. १९९८ पासून २२ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय तोतरेपणा जागृती दिन म्हणून पाळला जातो.

अशा गटांच्या बैठकीत सुरुवात ओळखीने होते, म्हणजे ज्या गोष्टीची सर्वांत जास्त भीती त्याच गोष्टीने. प्रत्येक जण नाव सांगतो, लागेल तेवढा वेळ घेतो आणि कुणी मध्ये पडत नाही. मग एखादा स्पीकरवर फोन लावून दुकानाची वेळ विचारतो. काही जण मुद्दाम अडखळतात: 'मा-मा-माझं नाव', आणि तेही समोरच्याच्या डोळ्यांत पाहून. जे लपवायचं तेच स्वतःच्या मर्जीने केलं की त्याची धास्ती उतरते. पुढची पायरी रस्त्यावर: अनोळखी माणसाला पत्ता विचारायचा, तोतरेपणाबद्दल काय माहीत आहे ते विचारायचं.

गटांत जाणाऱ्यांच्या मनात स्वतःबद्दलची लाज कमी असते, असं अभ्यासांत दिसलं आहे. गट थेरपीची जागा घेत नाही, पण थेरपी संपल्यावर सरावाची जागा तो देतो. आता ऑनलाइन भेटींमुळे जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावी राहणाऱ्यालाही गट आणि थेरपिस्ट दोन्ही गाठता येतात.

ऑफिस आणि जोडीदार

नोकरीत सगळ्यांत उपयोगी ठरतं ते एक साधं वाक्य: 'मी तोतरं बोलतो, मला जरा वेळ लागला तर थांबा.' माफी न मागता असं आधीच सांगितलं तर ऐकणाऱ्यांचं मत अधिक अनुकूल होतं, असं प्रयोगांत आढळलं आहे. बोलणाऱ्याचा फायदा वेगळाच: लपवण्याचे श्रम वाचतात. वरिष्ठांनी काय करावं? इंटरव्ह्यूला वेळ थोडा जास्त ठेवावा, मिटिंगमध्ये तोतरं बोलणाऱ्याचा मुद्दा दुसऱ्याने पुरा करू नये, आणि न विचारता फोनची कामं काढून घेऊ नयेत.

जोडीदाराची गोष्ट जास्त नाजूक. गॅसचा नंबर लावण्यापासून डॉक्टरची वेळ घेण्यापर्यंत सगळे फोन बायकोने करायचे, अशी वाटणी कितीतरी घरांत नकळत होऊन बसते. ती मोडायची तर एका दिवसात मोडू नये. दोघांनी मिळून एक फोन निवडावा, तो त्याने करावा, तिने शेजारी बसावं आणि मध्ये बोलू नये.

एका राजाची अठरा वर्षं

ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांची गोष्ट 'द किंग्ज स्पीच' या २०१० च्या चित्रपटामुळे घरोघरी पोहोचली. त्यातून 'थेरपिस्टने राजाला बरं केलं' असा अर्थ अनेकांनी काढला. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियातून आलेले थेरपिस्ट लायोनेल लोग आणि तेव्हा ड्यूक ऑफ यॉर्क असलेले हेच राजे यांची पहिली भेट १९२६ मध्ये झाली. पुढच्याच वर्षी कॅनबेराच्या संसद भवनाच्या उद्घाटनाचं भाषण नीट पार पडलं. तरी काम थांबलं नाही. पत्नी एलिझाबेथ सरावात सोबत असत. भाषणाच्या मजकुरात थांबायच्या जागांवर खुणा करायच्या, जड जाणारे शब्द बदलायचे, हे वर्षानुवर्षं चाललं. ३ सप्टेंबर १९३९ ला युद्धाची घोषणा झाल्यानंतरचं भाषण राजांनी लोग यांच्या सोबतीनेच केलं. १९४४ च्या नाताळचं भाषण लोग शेजारी नसताना झालं, तेव्हा पहिल्या भेटीला १८ वर्षं झाली होती. बोलण्यात थांबे शेवटपर्यंत राहिले, पण बोलायची वेळ आली तेव्हा ते बोलले.

'टिकलं' असं कधी म्हणायचं

टिकाऊ ओघ म्हणजे पुन्हा कधीच न अडखळणं असं धरलं तर जवळजवळ प्रत्येक मोठा माणूस नापास होईल. पाहुणे, परीक्षा, आजारपण, नवी नोकरी यांत अडखळणं वाढतंच. अधिक उपयोगी प्रश्न वेगळे आहेत. या आठवड्यात किती फोन टाळले? किती शब्द बदलले? मनात असलेला प्रश्न मिटिंगमध्ये विचारला का? अडखळणं तेवढंच राहूनही ही उत्तरं सुधारत असतील, तर थेरपी लागू पडते आहे.

घसरणीची तयारी आधीच करून ठेवावी. थेरपी चालू असतानाच ठरवावं की बोलणं बिघडलं तर आधी कुणाला सांगायचं, कोणता सराव पुन्हा सुरू करायचा, किती दिवस वाट पाहून थेरपिस्टला भेटायचं. घरच्यांनाही हे माहीत असलं म्हणजे 'एवढे पैसे घालवून परत तेच' हे वाक्य निघत नाही.

कुठे आणि कधी जावं

लहान मुलाचं अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं, घरात आणखी कुणी तोतरं बोलत असेल, बोलताना चेहऱ्यावर ताण दिसत असेल किंवा मूल बोलायचंच टाळू लागलं असेल, तर 'मोठा झाला की जाईल' म्हणून थांबू नये. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालय इथे स्पीच थेरपीचे विभाग आहेत. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून या क्षेत्रात आहे. खासगी थेरपिस्टकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारून घ्यावी. 'पंधरा दिवसांत हमखास बरा' अशी जाहिरात दिसली तर तिकडे फिरकू नये. कारण थोड्या दिवसांत आलेला ओघ टिकवण्याचं काम तिथे कुणी शिकवत नाही.

पहिल्या भेटीला घरातला आणखी एक माणूस सोबत न्यावा आणि थेरपिस्टला विचारावं: 'घरी आम्ही काय करायचं, आणि काय करायचं नाही?' याचं नेमकं उत्तर देणारा थेरपिस्ट निवडावा. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न त्यालाच विचारावा. अडल्यावर कुणाला नजर हवी असते, कुणाला नको असते. कुणाला शब्द सुचवलेला चालतो, बहुतेकांना चालत नाही. हे अंदाजाने ठरवू नये, विचारून घ्यावं आणि मग तसंच वागावं.